लाल बटण दाबायच्या आधीची कामं: मरीन व्हीएचएफ रेडिओवर डिस्ट्रेस अलर्ट नीट कसा सेट करायचा

बोटीवर मरीन व्हीएचएफ, म्हणजे बोटींनी एकमेकींशी आणि किनाऱ्याशी बोलायचा रेडिओ बसवला, लाल झाकणाखाली डिस्ट्रेसचं, म्हणजे संकटाचा अलर्ट पाठवायचं बटण दिसलं, म्हणजे आता आपण सेफ, असं धरून चालणारे बोटवाले मला दर सीझनला भेटतात. मेनू उघडून बघितलं की एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरून बोट ओळखायच्या नंबरच्या जागी नुसत्या रेघा आणि पोझिशनच्या जागी काहीच नाही. असा सेट संकटात कामाला येत नाही. नंबर टाकलेला नसेल तर बहुतेक मॉडेलवर बटण दाबून अलर्ट जातच नाही. नंबर आहे पण जीपीएस जोडलेलं नाही, तर अलर्ट जातो पण "मी कुठे आहे" हे त्यात नसतं, आणि शोधणाऱ्यांना अख्खा समुद्र शोधावा लागतो.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण बरेचसे घोळ उलट्या क्रमानेच होतात, म्हणजे आधी घाईघाईत नंबर टाकायचा आणि मग वायरिंग बघायचं.

एवढं आधी डोक्यात बसवा. डीएससी म्हणजे डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग. बटण दाबलं की चॅनल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, एक छोटा डिजिटल निरोप जातो. त्यात चार कामाच्या गोष्टी असतात: तुमचा नंबर, काय झालंय, कुठे आहात, आणि ती पोझिशन किती वाजताची. रेंजमधल्या सगळ्या डीएससी रेडिओवर, मोठ्या जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या स्टेशनवर कर्कश अलार्म वाजतो. तुमचा आवाज यातून जात नाही, बोलणं त्यानंतर चॅनल १६ वर, १५६.८ मेगाहर्ट्झवर. म्हणजे बटण हे दार ठोठावणं आहे, बोलायचं तुम्हालाच आहे.

## १. बसायच्या आधी जवळ काय हवं

- रेडिओचं मॅन्युअल, त्याच मॉडेलचं. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, मित्राच्या रेडिओवरून अंदाज लावू नका.
- एमएमएसआय नंबर, कागदावर लिहिलेला. तो आपापल्या देशाच्या रेडिओ लायसन्स देणाऱ्या खात्याकडून मिळतो.
- मल्टीमीटर आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा). दुसरा नसेल तर एका दिवसापुरता मागून आणा.
- डीएससी रेडिओ असलेली दुसरी एखादी बोट आणि तिचा नंबर, टेस्टसाठी.

एमएमएसआय नऊ अंकी असतो. बोटीच्या नंबरात पहिले तीन अंक देशाचा कोड असतात आणि पहिला अंक २ ते ७ यातलाच असतो. सुरुवातीला एक शून्य असेल तर तो ग्रुपचा नंबर आहे, दोन शून्यं असतील तर किनारी स्टेशनचा. काही जण क्लबने दिलेला ग्रुप नंबर स्वतःचा म्हणून टाकायला जातात, म्हणून हे आधीच बघून घ्या.

अजून एक बघायचं, ते म्हणजे तुमचा नंबर नुसता देशातल्या यादीत आहे की आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्येही गेलाय. काही देशांत खासगी संस्थांकडूनही नंबर मिळतो आणि तो बाहेरच्या बचाव केंद्रांना दिसेलच असं नाही. दुसऱ्या देशाच्या पाण्यात जाणार असाल तर हे विचारूनच घ्या.

सावधान: बोट जुनी विकत घेतली असेल आणि रेडिओ तिच्यातच बसवलेला असेल, तर त्यात आधीच्या मालकाने नोंदवलेला नंबर असू शकतो. तोच नंबर बोटीसोबत तुमच्या नावावर करता येतो का हे आधी खात्याला विचारा. नोंद न बदलता तसाच वापरलात तर संकटात बचाव केंद्राचा फोन जुन्या मालकाच्या घरी जाईल, आणि तो म्हणेल मी तर घरीच आहे.

## २. आधी करंट आणि अँटेना, मेनू नंतर

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सोडतात. पण २५ वॅटचा रेडिओ बोलताना ५-६ अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे बारीक किंवा गंजलेल्या वायरीवर रेडिओ मस्त ऐकू येतो, स्क्रीन छान उजळते, आणि बटण दाबायची वेळ आली की व्होल्टेज कोसळून सेट रीस्टार्ट होतो.

असं तपासा: मल्टीमीटर रेडिओच्या मागच्या पॉवर वायरीवर लावा, फुल पॉवर म्हणजे २५ वॅट ठेवा, एखाद्या मोकळ्या वर्किंग चॅनलवर (साध्या बोलण्यासाठीच्या), बोलायची परवानगी असेल तिथे, छोटासा रेडिओ चेक करा (१६ वर नाही, ७० वर तर अजिबात नाही) आणि माइकचं बटण दाबलेलं असताना आकडा बघा. त्याच क्षणी बॅटरीवर किती आहे तेही दुसऱ्याला बघायला सांगा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त फरक असेल तर वायर जाड करा, नाहीतर जोड साफ करा. फ्यूज मॅन्युअलमध्ये दिलेल्या अँपिअरचाच लावा, आणि रेडिओला स्वतःची वेगळी लाइन द्या, तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या लाइनवर टाकू नका.

बॅटरी कुठे आहे तेही बघा. बोटीत पाणी शिरलं की सगळ्यात आधी तळातली बॅटरी बुडते, म्हणजे नेमकी रेडिओची गरज असताना रेडिओ मेलेला. शक्य असेल तर पाण्याच्या पातळीच्या वर, नीट बांधलेली एक वेगळी बॅटरी फक्त रेडिओ आणि जीपीएससाठी ठेवा.

आता अँटेना. व्हीएचएफ जवळजवळ नजरेच्या रेषेत चालतं, त्यामुळे वॅटपेक्षा उंची महत्त्वाची. ढोबळ हिशोब असा: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा, तेवढे सागरी मैल. दोन्ही बाजूंचे आकडे काढून बेरीज करायची. तुमचा अँटेना ४ मीटरवर असेल तर ४.४, किनाऱ्यावरचा १०० मीटरवर असेल तर २२, मिळून सुमारे २६ सागरी मैल. पण दोन छोट्या बोटी एकमेकींशी बोलत असतील आणि दोघींचे अँटेना ४ मीटरवर असतील तर जेमतेम ९ मैल. हातातला रेडिओ पाण्यात बसून १ मीटरवर धरला तर त्याच्या बाजूचे फक्त २.२. हा हिशोब एकदा कागदावर केला की अँटेना डोलकाठीच्या टोकावर का लावतात ते कोणी समजावून सांगायला लागत नाही. (खूप जास्त गेनचा, म्हणजे ९ डीबीवाला लांब अँटेना छोट्या हलणाऱ्या बोटीवर लावू नका, त्याचा झोत चपटा असतो, बोट कलली की तो आभाळात नाहीतर पाण्यात जातो.)

केबलमध्येही पॉवर मरते. आरजी-५८ ही बारीक केबल २० मीटर ओढली तर निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच जाते. लांब डोलकाठीसाठी आरजी-२१३ सारखी जाड केबल घ्या.

तपासा: एसडब्ल्यूआर १.५ च्या आत असेल तर उत्तम, २ पर्यंत चालेल, ३ च्या वर गेला तर कनेक्टर उघडून बघा, आत हिरवट गंज सापडण्याची शक्यता दाट. मल्टीमीटर लावून अँटेना चांगला की वाईट हे ठरवू नका, कारण बऱ्याच चांगल्या अँटेनांची रचनाच अशी असते की मीटरवर शॉर्ट दिसतो. केबल तपासायची तर दोन्ही टोकं सुटी करून नुसती केबल तपासा.

सावधान: अँटेना न जोडता माइकचं बटण दाबू नका, रेडिओचा आउटपुट भाग जळू शकतो.

एलईडी दिव्यांची टेस्टही इथेच उरकून घ्या. रेडिओ शांत चॅनलवर ठेवा, स्क्वेल्च (नुसती खरखर गाळणारं सेटिंग) खरखर बंद होईपर्यंतच वाढवा, मग एकेक दिवा लावा. दिवा लावल्यावर खरखर परत आली तर तो दिवा तुमचा रेडिओ बहिरा करतोय. डोलकाठीवर अँटेनाच्या शेजारी बसवलेला स्वस्त नेव्हिगेशन दिवा यात बरेचदा दोषी निघतो.

## ३. एमएमएसआय टाकणं: इथे घाई नको

बहुतेक रेडिओत हा नंबर स्वतः टाकायच्या संधी मोजक्या असतात, काहीत एकदाच, काहीत दोनदा. त्यानंतर चूक सुधारायची तर सेट डीलरकडे किंवा कंपनीकडे पाठवावा लागतो. म्हणून बोट हलत नसताना, उजेडात, चष्मा लावून हे काम करा.

१) नंबर कागदावर तीन-तीन अंकांच्या गटात लिहा.
२) एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाकायचं.
३) रेडिओ परत तोच नंबर विचारतो. तेव्हा स्क्रीन बघून नाही, परत कागद बघून टाका. पहिल्यांदा चुकलेलाच अंक डोळ्यांनी वाचून परत तसाच टाकला की खात्री करण्याचा काही उपयोग राहत नाही.
४) कन्फर्म करायच्या आधी उलट वाचून बघा, शेवटच्या अंकाकडून पहिल्याकडे.

एका ओळखीच्याच्या बोटीवर हे काम मी जवळ उभा राहून करून घेतलं, दोघांनी दोनदा वाचलं, तरी नंतर टेस्ट कॉल केला तेव्हा समोरच्या रेडिओवर एक अंक वेगळा दिसला. कागदावरचा ७ आम्ही दोघांनीही १ वाचला होता. त्याच्या रेडिओत दुसरी संधी शिल्लक होती म्हणून निभावलं.

बोटीवर एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आसपासच्यांना आपोआप कळवणारं यंत्र) असेल तर त्यातही हाच नंबर हवा. एका बोटीला एकच नंबर. अपवाद हातातल्या डीएससी रेडिओचा, त्याला काही देशांत ८ पासून सुरू होणारा वेगळा नंबर देतात, काही देशांत बोटीचाच चालतो, ते लायसन्सवर बघा.

काम झालं की नंबर छापून रेडिओच्या शेजारी चिकटवा, बोलताना तोच वाचायचाय.

## ४. जीपीएस जोडणं, सगळ्यात जास्त चुका इथेच

तुमच्या रेडिओत आतच जीपीएस असेल तर काम सोपं, तरी एक बघा: रेडिओ लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या छपराखाली असेल तर सॅटेलाइट दिसत नाहीत आणि पोझिशन मिळत नाही. मग बाहेरचा जीपीएस अँटेना लावावा लागतो.

आत जीपीएस नसेल तर प्लॉटरवरून (नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या स्क्रीनवरून) घ्यायचं. दोन प्रकार भेटतात, दोन्ही एनएमईए नावाच्या, बोटीवरच्या उपकरणांनी एकमेकांना डेटा द्यायच्या ठरलेल्या पद्धती.

एनएमईए ०१८३ (सुट्या वायरींचा): प्लॉटरची "आउट" वायर रेडिओच्या "इन" वायरीला. ऐकायला सोपं आहे, पण आउटला आउट जोडलेलं मी इतक्यांदा बघितलंय की सांगायलाच हवं. एक बोलतो, एक ऐकतो, दोघंही बोलायला लागले तर कोणी ऐकत नाही. प्लस-प्लसला, मायनस-मायनसला. वायरी बरोबर असूनही डेटा येत नसेल तर स्पीड बघा, हा खरा लपलेला चोर: रेडिओ साधारणपणे ४८०० बॉडवर ऐकतो, आणि प्लॉटरचा पोर्ट कोणीतरी एआयएससाठी ३८४०० वर करून ठेवलेला असतो. दोन्हीकडे एकच आकडा करा. आणि प्लॉटरच्या आउटपुट यादीत आरएमसी, जीजीए किंवा जीएलएल (पोझिशन सांगणारी डेटाची ठरलेली वाक्यं) यातलं तुमचा रेडिओ मागतो ते वाक्य चालू आहे ना तेही बघा.

एनएमईए २००० (टी-जोडाचा): इथे वायरी ओळखायची भानगड नाही, पण मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचा रेझिस्टर हवाच, आणि केबलला स्वतःचं १२ व्होल्ट हवं. टर्मिनेटर एकच लावला की कधी चालतं कधी नाही, आणि माणूस महिनाभर रेडिओला शिव्या देतो. नंतर रेडिओच्या मेनूत जाऊन पोझिशनचा सोर्स "एनएमईए २०००" निवडायचा, हे स्वतःहून होईलच असं नाही.

सावधान: डेटाच्या वायरीला चुकून १२ व्होल्टचा प्लस लागला तर पोर्ट जळतो. वायरी जोडताना दोन्ही उपकरणं बंद, फ्यूज काढलेला.

तपासा: रेडिओच्या स्क्रीनवरची पोझिशन आणि फोनवरची पोझिशन शेजारी ठेवून बघा. इथे एक घोळ ठरलेला: फोन ३६.५०० अंश असं दशांशात दाखवतो आणि रेडिओ अंश-मिनिटांत. ३६.५ अंश म्हणजे ३६ अंश ३० मिनिटं, ३६ अंश ५० मिनिटं नाही. २० मिनिटांची चूक अक्षांशात २० सागरी मैलांची चूक होते, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम ही अक्षरंही बघा.

आता प्लॉटर बंद करून बघा. रेडिओवरची पोझिशन गेली किंवा जुनी झाली असं दिसलं ना? हेच संकटात होतं. प्लॉटर दुसऱ्या ब्रेकरवर असतो, तो पडला की रेडिओ आंधळा. म्हणून प्लॉटरही रेडिओच्याच त्या वेगळ्या, सुरक्षित लाइनवर घ्या, आणि बॅटरी वाचवायला प्लॉटर बंद करून बसायची सवय असेल तर ती मोडा.

जीपीएस अजिबातच मिळत नसेल तर पोझिशन हाताने टाकता येते, वेळेसकट, आणि वेळ यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ). निदान दर ४ तासांनी ती बदला. हाताने टाकलेली पोझिशन जुनी झाली, म्हणजे साडेतेवीस तास उलटले, की रेडिओ ती स्वतःच पुसतो. पोझिशन नसताना अलर्ट गेला तर त्या जागी दहा वेळा ९ हा अंक जातो, आणि समोरच्याला एवढंच कळतं की कोणीतरी कुठेतरी संकटात आहे.

## ५. मेनूतल्या बाकीच्या गोष्टी

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. फुल पॉवर २५ वॅटवर ठेवा (बंदरात १ वॅटवर करून तसाच विसरलेला सेट पुष्कळ बोटींवर सापडतो). यूटीसी आणि स्थानिक वेळेतला फरक नीट टाका. डिस्ट्रेस कॉल आल्यावर आपोआप चॅनल १६ वर जायची सोय चालू असू द्या. एटीआयएस नावाचं सेटिंग दिसलं तर ते काही नदी-कालव्यांसाठी असतं, समुद्रावर बंद ठेवायचं. टेस्टला उपयोगी पडणाऱ्या मित्रबोटींचे नंबर डिरेक्टरीत भरा. स्क्वेल्च खरखर जेमतेम थांबेल एवढाच, जास्त पिळला तर लांबचा कमजोर आवाज कापला जातो, आणि संकटातल्या माणसाचा आवाज बरेचदा कमजोरच असतो.

## ६. टेस्ट: लाल बटणाला हात न लावता

सावधान: "एकदा दाबून बघू, जातंय का" हे कधीच करायचं नाही. तो खरा अलर्ट असतो आणि त्यावर खरी माणसं, खऱ्या बोटी निघतात.

डीएससीची टेस्ट अशी करायची:

१) मेनूत "टेस्ट कॉल" शोधा. नसेल तर "इंडिव्हिज्युअल कॉल", रूटीन प्रकारचा.
२) मित्रबोटीचा नंबर निवडा, इंडिव्हिज्युअल कॉल असेल तर बोलायला एखादा वर्किंग चॅनल द्या, पाठवा.
३) समोरच्या रेडिओवर घंटी वाजली का, आणि मुख्य म्हणजे स्क्रीनवर तुमचा कोणता नंबर आला ते त्याला मोठ्याने वाचायला सांगा. कागदाशी ताडून बघा.
४) "पोझिशन रिक्वेस्ट"ची सोय असेल तर त्याला तुमची पोझिशन मागायला सांगा, त्याला मिळालेली पोझिशन तुमच्या स्क्रीनशी जुळली पाहिजे.
५) मग उलट, त्याने तुम्हाला कॉल करायचा. पाठवणं चालतं आणि ऐकणं बंद, असंही होतं.

काही किनारी स्टेशनं टेस्ट कॉलला आपोआप उत्तर देतात, तिथे ते वापरा. पण फक्त दोन हातांवरच्या बोटीवर टेस्ट करून समाधान मानू नका, इतक्या जवळ तर मोडका अँटेनासुद्धा चालतो. तीन-चार मैलांवर जाऊन परत करा.

## ७. कार्ड आणि तालीम

बोटीवर तुम्ही एकटेच रेडिओ जाणत असाल आणि तुम्हीच पाण्यात पडलात तर? म्हणून बोटीवरच्या प्रत्येकाला, मुलांनाही, हे कार्ड वाचता यायला हवं. रेडिओशेजारी लावा, मोठ्या अक्षरात, पाण्याने न भिजेल असं. नाव, कॉल साइन (लायसन्सवर दिलेली बोटीची रेडिओ-ओळख), एमएमएसआय आधीच छापलेलं, पोझिशन आणि माणसांची संख्या तेवढी मोकळी. समुद्रावर हे सहसा इंग्रजीतूनच बोलतात, म्हणून तसंच लिहितोय ("मेडे" ही गंभीर संकटाची हाक):

मेडे, मेडे, मेडे.
धिस इज … (बोटीचं नाव तीनदा), कॉल साइन …, एमएमएसआय …
मेडे, … (नाव एकदा), कॉल साइन …, एमएमएसआय …
माय पोझिशन इज … (अक्षांश, रेखांश, एकेक अंक सुटा)
वी आर … (सिंकिंग / ऑन फायर / अग्राउंड, जे असेल ते)
आय रिक्वायर इमीजिएट असिस्टन्स
… पर्सन्स ऑन बोर्ड
(लाइफराफ्टमध्ये जातोय, कोणी जखमी आहे वगैरे)
ओव्हर.

तालीम करताना रेडिओ बंद ठेवा, माइक हातात घ्या आणि कार्ड मोठ्याने वाचा. पोझिशन माणसांच्या संख्येच्या आधी का, तर मध्येच रेडिओ गेला तरी "कुठे" हे पोचलेलं असावं.

## ८. खरंच वेळ आली तर

आधी ठरवा, डिस्ट्रेस आहे का. बोटीला किंवा माणसाला गंभीर धोका आहे, तो आत्ताच आहे, आणि मदत लगेच हवी आहे, तर बटण. इंजिन बंद पडलंय, समुद्र शांत आहे, नांगर धरलाय, तर बटण नाही, चॅनल १६ वर "पॅन पॅन" तीनदा म्हणून अर्जन्सीचा कॉल. पण शंका असेल आणि परिस्थिती बिघडत चालली असेल तर थांबू नका.

१) लाइफजॅकेट घाला. सगळ्यांना घाला. मग रेडिओ.
२) रेडिओ चालू आहे, फुल पॉवर आहे, बघा.
३) लाल झाकण उचला. वेळ असेल तर काय झालंय ते यादीतून निवडा: आग, पाणी शिरणं, टक्कर, रुतणं, कलंडणं, बुडणं, वाहवत जाणं, बोट सोडणं, माणूस पाण्यात. वेळ नसेल तर सोडा, प्रकार न निवडताही अलर्ट जातो.
४) बटण दाबून धरा. मॉडेलप्रमाणे ३ ते ५ सेकंद, स्क्रीनवर उलटे आकडे मोजले जातात आणि बीप वाजतो. इथेच लोक चुकतात, घाबरून टुक करून दाबतात आणि सोडतात, अलर्ट जातच नाही. आकडे संपेपर्यंत बटणावरून हाताचं बोट उचलू नका.
५) साधारण १५ सेकंद उत्तराची वाट बघा, मग उत्तर आलं असो-नसो चॅनल १६ वर कार्ड वाचा. "अॅक्नॉलेजमेंट येईल मग बोलू" म्हणून, म्हणजे अलर्ट मिळाल्याची पोच येईपर्यंत गप्प बसणं ही दुसरी मोठी चूक, कारण जवळच्या बोटी तुमचा आवाजच ऐकत असतात.
६) बोलून झालं की माइकचं बटण सोडा. दाबून धरलेल्या माइकवर कोणाचंच ऐकू येत नाही.
७) उत्तर नाही आलं तर परत वाचा. अलर्ट रेडिओ स्वतःच साडेतीन ते साडेचार मिनिटांच्या अंतराने पाठवत राहतो, अॅक्नॉलेजमेंट येईपर्यंत. रेडिओ बंद करू नका.
८) ईपर्ब (संकटाचा इशारा पाठवणारं वेगळं उपकरण) असेल तर तोही चालू करा. व्हीएचएफ जवळच्यांसाठी, ईपर्ब ४०६ मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटमार्फत, दोन्ही एकमेकांना पर्याय नाहीत.

उत्तर मिळालं की विचारतील तेवढंच, सावकाश सांगा, आणि दुसऱ्या चॅनलवर जायला सांगितलं तर नंबर परत बोलून खात्री करा.

## ९. चुकून दाबलं गेलं तर

लाज वाटून रेडिओ बंद करून गप्प बसतात, आणि तिकडे शोध सुरू होतो. असं अजिबात करू नका. वेळीच सांगितलं तर पुढची धावपळ वाचते.

पाठवणं थांबवा, रेडिओत डिस्ट्रेस कॅन्सलचा पर्याय असेल तर तो वापरा, मग लगेच चॅनल १६ वर, फुल पॉवरने: "ऑल स्टेशन्स" तीनदा, "धिस इज" बोटीचं नाव तीनदा, कॉल साइन, एमएमएसआय, "प्लीज कॅन्सल माय डिस्ट्रेस अलर्ट ऑफ" अमुक वाजता यूटीसी, "ओव्हर". मग १६ वर थांबा, किनारी स्टेशन विचारेल त्याला उत्तर द्या. नुसतं मेनूतून कॅन्सल करून भागत नाही, आवाजात सांगावंच लागतं.

## १०. दुसऱ्याचा अलर्ट तुमच्या रेडिओवर आला तर

अलार्म बंद करा, पण स्क्रीनवरचा नंबर, पोझिशन आणि वेळ आधी लिहून घ्या, आणि १६ ऐका. डीएससीवरून अॅक्नॉलेज करायच्या फंदात पडू नका, ते काम किनारी स्टेशनचं. मध्येच अॅक्नॉलेज गेला तर त्याच्या रेडिओचं आपोआप अलर्ट पाठवणं थांबतं, आणि किनाऱ्यापर्यंत तो पोचलेलाच नसेल तर? थोडं थांबून कोणीच उत्तर देत नाही असं दिसलं तर १६ वर आवाजात "रिसीव्ह्ड मेडे" म्हणून उत्तर द्या, आणि किनाऱ्याला "मेडे रिले" म्हणून कळवा. मध्ये "सिलॉन्स मेडे" ऐकू आलं तर त्याचा अर्थ चॅनल मोकळा ठेवा, बोलू नका.

## ११. पुढे लक्ष ठेवायचं ते

दर वेळी निघताना तीनच गोष्टी: स्क्रीनवर पोझिशन ताजी आहे का, पॉवर २५ वर आहे का, चॅनल १६ आहे का. महिन्यातून एकदा टेस्ट कॉल. सीझनच्या सुरुवातीला कनेक्टर उघडून गंज, आणि बोलताना पडणारं व्होल्टेज.

आणि वर्षातून एकदा नोंदणीत दिलेला आणीबाणीचा फोन नंबर. अलर्ट आला की बचाव केंद्र तुमचा एमएमएसआय टाकून नोंद उघडतं, बोटीचा रंग, लांबी, प्रकार बघतं आणि किनाऱ्यावरच्या त्या माणसाला फोन करतं: बोट बाहेर गेलीय का, किती जण आहेत, कुठे जाणार होते. म्हणून तिथे स्वतःचाच मोबाइल देऊ नका, तो तुमच्यासोबत पाण्यात असेल. घरातला असा माणूस द्या जो रात्री दोन वाजता फोन उचलतो, आणि निघताना त्याला सांगून निघा.